तुपाच्या शाईची पोथी

पणजोबांच्या वेळची पोथी धडधाकट असावी आणि आजोबांच्या वेळची मात्र हात लावताच पापडासारखी मोडावी, हा अनुभव दिवाळीपूर्वीच्या झाडलोटीत ज्यांनी माळ्यावरचे गाठोडे सोडून पाहिले आहे त्यांना नवा नाही. जुनी हाडे बळकट, असे माणसांच्या बाबतीत आपण ऐकतो; पण कागदाच्याही नशिबी तेच यावे याचे नवल वाटते. शके १७७० च्या सुमारास छापलेल्या 'हरिविजया'चे पान अजून मऊ असते. दुमडले तर दुमडते, सोडले तर पुन्हा सरळ होते. त्याच घरातले, त्याच रुमालात बांधलेले, पण पन्नास-साठ वर्षे मागाहून छापलेले 'शिवलीलामृत' तपकिरी पडलेले आणि कडांनी झडलेले. कोपरा दुमडावा तर कोपराच हातात येतो. दोन्हींना गंधफूल सारखेच मिळाले, धूप सारखाच मिळाला, कसरही सारखीच लागली. मग हा फरक का पडावा? या एका प्रश्नाच्या मागे लागले म्हणजे आपल्या छापील धर्मग्रंथांचा इतिहासच हळूहळू हाती येऊ लागतो, आणि तो मोठा मौजेचा आहे.

हस्तलिखित म्हटले की आपण हात जोडतो. ताडपत्र, भूर्जपत्र हे शब्द उच्चारतानाच आवाज खाली येतो. छापील पोथीला मात्र ते भाग्य नाही. "छापीलच ना? मग मिळेल कुठेही दुसरी," असे म्हणून तिची वासलात लावतात. हजार प्रती निघाल्या म्हणजे त्यांतल्या दहा तरी राहतीलच, असा आपला भाबडा हिशेब असतो. तो किती खोटा आहे हे पाहायचे तर गोव्याकडे वळावे.

हिंदुस्थानात छापखाना प्रथम आला तो गोव्यास, १५५६ साली. आणि तोही वाट चुकून. निघाला होता ॲबिसिनियाला, पण राहिला इथेच. पुढे थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट पाद्री गोव्यात आला, मराठी शिकला, आणि ओवीच्या इतका प्रेमात पडला की येशूचे सारे चरित्र त्याने जवळजवळ अकरा हजार ओव्यांत रचले. हे त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरच्या छापखान्यात रोमन अक्षरांत छापून निघाले. त्याच्या पुढे १६४९ व १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या झाल्या. एका पुस्तकाच्या तीन आवृत्त्या, म्हणजे प्रती काही थोड्या नसणार. आज त्या तिन्हींपैकी एकही प्रत कोणाच्या पाहण्यात नाही. हे पुराण वाचले ते भाविकांनी घरोघर हातांनी उतरून घेतलेल्या नकलांमुळे. त्या नकलांवरूनच १९०७ साली मंगळुरास ते पुन्हा छापण्यात आले. छापलेले सगळे गेले आणि लिहिलेले तेवढे राहिले. छापील पुस्तक अमर असते, असे म्हणणाऱ्याने एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुरे.

देशावर पहिला प्रयत्न झाला तो पेशवाईच्या उतरत्या काळात. पुण्याच्या रेसिडेन्सीत सर चार्ल्स मॅलेट असताना एका तांबटाला पत्र्यावर अक्षरे कोरण्याची विद्या मिळाली. नाना फडणवीसांच्या मनात गीता छापावी असे होते, असे सांगतात. नाना १८०० साली वारले, आणि ती गीता अखेर १८०५ साली मिरजेस, पटवर्धनांच्या आश्रयाने, तांब्याच्या पत्र्यांवरून छापली गेली. सारी गीता उलट्या अक्षरांत तांब्यावर कोरायची! त्या कारागिराच्या डोळ्यांची कल्पना करून पाहावी. त्याच वर्षी तिकडे बंगाल्यात श्रीरामपूरला कॅरी साहेबाच्या मिशनने मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले. आणि तंजावरास सरफोजी राजांचा छापखानाही याच सुमाराचा. पण या सगळ्या दूरच्या गोष्टी. मराठी घराच्या देव्हाऱ्यात छापील पोथी शिरली ती मुंबईच्या वाटेने, आणि ती शिरविली गणपत कृष्णाजी नावाच्या माणसाने.

हा गृहस्थ जातीने भंडारी. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात तो काम शिकला. तिथे ख्रिस्ती धर्माची पुस्तके भराभर छापून निघताना त्याने पाहिली, आणि त्याच्या मनाने घेतले की आपल्याही धर्माची पुस्तके अशीच निघावीत. यंत्र तयार नव्हते, शाई तयार नव्हती, शिकवायलाही कोणी उत्सुक नव्हते. खटपटी करून, शिळा जमवून, शाई घरी घोटून त्याने १८३१ साली, म्हणजे शके १७५३ चे, पहिले छापील मराठी पंचांग बाहेर काढले. तोवर पंचांग हाती लिहून विकले जात असे. हे छापील पंचांग लोकांनी आधी नाके मुरडीत पाहिले, आणि मग मुकाट्याने विकत घेतले; कारण तिथी कोणत्याही शाईत तीच पडते.

पण पंचांग वेगळे आणि पोथी वेगळी. पंचांग खुंटीला टांगायचे, पोथी सोवळ्यात वाचायची. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ साली 'मुंबईचे वर्णन' लिहिले. त्यात छापील कागदाला शिवायलाही भिणाऱ्या नैष्ठिक मंडळींचा उल्लेख आहे. या मंडळींना आपण आज सहज हसतो. मला मात्र त्यांची शंका अगदीच वेडगळ वाटत नाही. शिळाप्रेसची शाई मेण, साबण, काजळ आणि चरबी यांची होई. चरबी कोणत्या जनावराची, हे विलायतेहून आलेल्या डब्यावर लिहिलेले नसे. शाई लावायच्या रुळावर चामडे असे. पुस्तक बांधायचे म्हटले की पाठीला कातडे आणि आत सरस, आणि सरस कशाचा करतात हे सर्वांना ठाऊक. तेव्हा ज्या माणसाने जन्मभर स्नान केल्यावाचून पोथीला हात लावला नाही, त्याने हा कागद देवापुढे ठेवायला कचरावे यात काय आश्चर्य? हा हट्टाचा मामला नव्हता. त्याच्या दृष्टीने उभ्या घराच्या शुचितेचा प्रश्न होता.

गणपत कृष्णाजीने या शंकेशी वाद घातला नाही. त्याने चरबी काढून टाकली आणि तिच्या जागी तूप घातले. धार्मिक ग्रंथांसाठी तुपाची शाई! एवढ्या एका युक्तीने जे झाले ते शंभर व्याख्यानांनी झाले नसते. आपल्याकडे सुधारणा झाली ती अशीच पुष्कळदा चुलीजवळून झाली आहे.

तूप घातले, तसा पोथीचा आकारही त्याने व त्याच्या मागच्या छापखानेवाल्यांनी मोडला नाही. आडवी, सुटी पाने. शिवण नाही, कातडे नाही, सरस नाही. वर-खाली दोन पातळ फळ्या आणि भोवती लाल रुमाल. पानाच्या डाव्या समासात ग्रंथाचे नाव आखूड करून, जसे 'ह. वि.', आणि उजवीकडे 'राम'. ओळी काळ्या, भोवती दुहेरी रेघांची चौकट, आरंभी सोंड उजवीकडे की डावीकडे याचा काटेकोर विचार करून काढलेला गणपती. दुरून पाहणाऱ्याला ही पोथी लिहिलेली की छापलेली हे ओळखू येऊ नये. खरे सांगायचे तर ती लिहिलेलीच असे. शिळाप्रेसची रीत अशी: सुंदर हस्ताक्षराचा लेखक खळ लावलेल्या कागदावर चिकट शाईने मजकूर लिहितो, तो कागद गुळगुळीत दगडावर दाबला की अक्षरे उलटी होऊन दगडाला धरतात, मग दगड ओला करून वर शाईचा रूळ फिरवला की पाणी शाईला कोऱ्या जागी बसू देत नाही, अक्षरांवरच तेवढी बसते. अशा रीतीने एका लेखकाचे अक्षर शेकडो घरांत जाई. पोथ्या उतरून पोट भरणाऱ्या लेखकांचा धंदा छापखान्याने बुडवला म्हणतात. बुडवला हे खरे; पण बुडण्यापूर्वी त्यांतल्या काहींना त्याने दगडावर अमरही करून ठेवले. 'ञ' आणि 'झ' ची जुनी वळणे, गाठीचा 'ल', मात्रेचा कललेला दांडा हे सगळे त्या पानांत आहे. लेखकाचे नाव मात्र बहुधा नाही.

ज्ञानेश्वरी प्रथम छापली गेली तीही याच रीतीने, १८४५ साली, बाळशास्त्री जांभेकरांच्या हातून. इंग्रजी विद्येचा हा पहिला मराठी पंडित, 'दर्पण' काढणारा, गणित-ज्योतिष शिकवणारा. आणि पुढल्याच वर्षी ऐन उमेदीत तो वारला. जाण्यापूर्वी त्याने हे काम केले.

पुढची पिढी खिळ्यांची. जावजी दादाजी लहानपणी अमेरिकन मिशनच्याच छापखान्यात महिना दोन रुपयांवर खिळे घाशीत असे. हा पोरगा १८६९ साली 'निर्णयसागर' छापखान्याचा मालक झाला, आणि राणोजी रावजी आरू या मित्राने कोरलेल्या ठशांतून त्याने असा देवनागरी टाइप पाडला की काशीच्या शास्त्र्यांनाही मुंबईची पुस्तके हवीशी वाटू लागली. तुकोबांचा गाथा 'इंदुप्रकाश' छापखान्यात १८६९ व १८७३ अशा दोन खेपांना निघाला. त्याला मुंबई सरकारने चोवीस हजार रुपये दिले होते. परक्या सरकारने वारकऱ्याच्या अभंगांवर चोवीस हजार खर्च करावे, आणि विष्णुशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांसारख्यांनी देहू-पंढरपूरच्या वह्या ताडून पाहाव्यात, हा योग पुन्हा आला नाही.

आता कागदाकडे वळू. जुना कागद चिंध्यांचा. जुन्नरास, दौलताबादेजवळच्या कागझीपुऱ्यात तो होई, विलायतेहूनही येई. पण मूळ माल कापूस, ताग, सुती चिंध्या, जुने दोरखंड असाच. तो कुजवायचा, कुटायचा, साच्यावर घ्यायचा, वर कांजी द्यायची आणि गोट्याने घोटायचा. या कागदाचे धागे लांब आणि आतून निर्मळ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागणी वाढली, चिंध्या पुरेनात, आणि लाकडाचा लगदा आला. शाई फुटू नये म्हणून त्यात राळ व तुरटी मिसळू लागले. कागद स्वस्त झाला, पांढराशुभ्र दिसू लागला. पण तुरटीने आपल्याबरोबर आम्ल आणले. दमट हवेत ते हळूहळू धागे तोडीत बसते. बाहेरून काही दिसत नाही. चाळीस-पन्नास वर्षांनी पान पिवळे पडते, मग तपकिरी, मग ठिसूळ. मौज अशी की अक्षरे जशीच्या तशी काळी असतात, कारण ती काजळाची. काजळाला काळ खात नाही. अक्षर टवटवीत आणि खालचा कागद मेलेला, असा हा विलक्षण प्रकार असतो. पणजोबांची पोथी धडधाकट का, याचे उत्तर हे.

म्हणून कोणी त्या स्वस्त कागदाला शिव्या देऊ लागला तर मी त्याच्या बाजूचा नाही. चिंध्यांच्या कागदावरची पोथी वाड्यात राहिली. लाकडाच्या कागदावरची खोपटात गेली. गिरणीतल्या मजुराच्या खोलीत, कोकणातल्या एकट्या राहणाऱ्या बाईच्या कोनाड्यात 'नवनाथ भक्तिसार' आणि 'पांडवप्रताप' पोचले ते या कागदावर बसून. तो अल्पायुषी निघाला, पण त्याने घरे फार पाहिली.

कागदाच्या आतला शत्रू हा. बाहेरचे तर पुष्कळ. कसर खळीसाठी कागद चाटते, भुंगा आरपार गोल भोके पाडतो, वाळवी भिंतीतून येऊन एका रात्रीत गठ्ठा पोकळ करते आणि वरचे पान शिष्टासारखे शाबूत ठेवते. पण मला अधिक विचार करायला लावते ती भक्ती. तिने पोथ्या राखल्याही आणि तिनेच मारल्याही. स्नान केल्याशिवाय शिवायचे नाही, थुंकी लावून पान उलटायचे नाही, पोथी जमिनीवर ठेवायची नाही, हे सोवळ्याचे नियम कोणत्याही ग्रंथपालाला आवडावेत असे आहेत. थुंकीच्या बोटाने कोपरे मळलेली पोथी सहसा दिसत नाही; कादंबऱ्या पाहाव्यात, म्हणजे कळेल! उलट, वाचून झाले की त्याच पोथीवर गंध, हळदकुंकू, ओली फुले, तुळशीचे पान. निरांजनाचा थेंब. कुंकवाचा डाग तीन-तीन पानांतून उतरलेला असतो, आणि फूल सुकून त्याच्या आकाराचा तपकिरी ठसा ओवीवर उमटलेला. त्यात वाचायचा काळ चातुर्मास. म्हणजे वर्षभर रुमालात कोरडी राहिलेली पोथी ऐन श्रावणात, हवेला ओल सुटलेली असताना, महिनाभर उघडी. कोकणात तर आषाढात घातलेली चप्पल श्रावणात हिरवी होते, तिथे कागदाची काय कथा!

सुटी पाने असल्याने आणखी एक विघ्न येते. पोथीचे पहिले पान आणि शेवटचे पान सर्वांत आधी जाते, कारण फळीशी घासते तेच. पहिल्यावर नाव असते. शेवटच्यावर छापखाना, गाव आणि शक. म्हणजे पोथीचा जन्मदाखलाच आधी हरवतो. मधली अडीचशे पाने उत्तम, पण ती कोणत्या साली, कोणी छापली, सांगायला कोणी नाही. शिवाय काही पोथ्यांत पानांचे आकडे प्रत्येक अध्यायाला नव्याने सुरू होतात. मुलांच्या हातून गठ्ठा एकदा विस्कटला की तीन नंबरची छत्तीस पाने समोर येतात.

आणि सगळ्यांच्या शेवटी नदी.

चार-पाच वर्षांमागे कृष्णाकाठच्या एका गावी एका सत्तरीपुढच्या बाईंचा वाडा पाडायचा होता. मुलगे पुण्यात, तिथे दोन खोल्यांत जागा नाही. एक पोरगा सायकलवर पोते लादून घाटाकडे निघालेला दिसला, म्हणून मी त्याला थांबवून घरी घेऊन आलो.

"काकू, या पोथ्या नदीत सोडायच्या?"

"मग काय रद्दीत घालू, मास्तर? पुड्या बांधतील त्यांच्या. देवाच्या नावात भजी गुंडाळून खातील लोक."

"पण पाण्यात कुजणारच की त्या."

"नदीत कुजलं तर गंगेला मिळालं. उकिरड्यावर कुजलं तर पाप कुणाच्या माथी?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. खरोखरच जीर्ण पोथीचे विसर्जन हा आपल्याकडचा शुद्ध आचार आहे. मूर्ती भंगली की जे करतात तेच. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीने तेरा दिवसांनी कोरड्या परत दिल्या, ही कथा आपल्या हाडीमाशी खिळलेली. छापील गाथ्यांसाठी मात्र इंद्रायणीने तसे केल्याचे ऐकिवात नाही. मी काकूंना म्हटले, एकदा पाहू तर द्या. ओटीवर पोते सोडले. वरचे तीन-चार गठ्ठे लाकडी कागदाचे, भुगा झालेले. खाली मात्र जाड पानांचा 'रामविजय', आणि फळीखाली नशिबाने राहिलेल्या शेवटच्या पानावर गणपत कृष्णाजींच्या छापखान्याचे नाव. मी ते वाचून दाखवले, तुपाच्या शाईची हकीकत सांगितली. काकूंनी पान उचलून नाकाशी नेले. दीडशे वर्षांत तुपाचा वास कुठला राहणार. पण त्यांनी हुंगून पाहिले.

"सासूबाई वाचायच्या ही," त्या म्हणाल्या. "मला अक्षर लागायचं नाही, मी ऐकायची. न्या तुम्ही. पण वाचणार असाल तर न्या. कपाटात डांबून ठेवायची असेल तर नदी बरी."

त्या पोथ्या मी प्रथम एका वाचनालयाला देऊ केल्या. तिथल्या गृहस्थांनी कपाळाला आठ्या घातल्या. नोंदवहीत किंमत काय लिहू, बांधणी नाही तर शिक्का कुठे मारू, आणि वाचक मागतो का असले काही? त्यांचेही चुकत नव्हते. जागा कमी, अनुदान वर्गावर ठरायचे, वर्ग पुस्तकांच्या संख्येवर आणि देवघेवीवर. दर काही वर्षांनी 'निर्लेखन' करायचे, म्हणजे फाटकी, न खपणारी पुस्तके यादीतून काढून तागडीवर घालायची. निर्लेखन! शब्द किती सोज्ज्वळ आहे. मी पोथ्या परत आणल्या. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत काचेचे एक कपाट रिकामे होते. तिथे त्या आहेत, आणि आमचे संस्कृतचे शिक्षक दर श्रावणात त्यातली एक काढून दुपारच्या सुटीत अध्याय वाचतात. चार-सहा मुले ऐकायला बसतात. दोघे तर निव्वळ जुने 'झ' पाहायला येतात.

सरकारी कायद्याने पुस्तके कशी वाचतात याचाही एक किस्सा आहे. सत्तावनच्या उठावानंतर दहा वर्षांनी, १८६७ साली, इंग्रजांनी कायदा केला की छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद व्हावी आणि प्रत सरकारात जमा व्हावी. हेतू नजर ठेवण्याचा. पण त्या जमा झालेल्या ढिगातून निवडलेली पुस्तके लंडनला गेली, आणि आज आपल्या कित्येक आरत्या, माहात्म्ये, कहाण्यांच्या चोपड्या तिथल्या ब्रिटिश लायब्ररीत सुखाने नांदत आहेत, ज्यांची इकडे एक प्रत मिळायची मारामार. ज्या बाईने सोळा सोमवारची कहाणी दोन पैशांना घेतली तिची प्रत चुलीजवळ गेली. जी कोणीच वाचली नाही ती राहिली. इकडे शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या छापील मराठी पुस्तकांची सूची केली नसती, तर काय हरवले हे सुद्धा आपल्याला समजले नसते. एका माणसाने ग्रंथालयामागून ग्रंथालय पालथे घालून केलेले ते काम आहे. मुंबईचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्याचे नगर वाचन मंदिर अशा संस्थांनी पुष्कळ राखले. पण पुण्यात १२ जुलै १९६१ ला पानशेतचे पाणी पेठांत घुसले, आणि नदीकाठच्या घरांतल्या कपाटांना त्या दिवशी विसर्जनासाठी घाटावर जावेच लागले नाही.

अलीकडे, २००३ साली, हस्तलिखितांसाठी राष्ट्रीय मोहीम निघाली. स्तुत्यच गोष्ट. परंतु तिच्या व्याख्येत हस्तलिखित म्हणजे हाताने लिहिलेले आणि निदान पंचाहत्तर वर्षांचे. शिळाछाप व छापील ग्रंथ त्यात बसत नाहीत. म्हणजे १८४५ ची ज्ञानेश्वरी, जी मुळात एका लेखकाने हातानेच लिहिली आणि मग दगडावर उतरली, ती लिहिलेली नाही म्हणून मोहिमेबाहेर. आणि तिच्याहून पन्नास वर्षांनी कोणा हौशी माणसाने वहीत उतरलेली नक्कल मोहिमेच्या आत. शिळाप्रेसची पोथी अशी दोन घरच्या पाहुण्यासारखी उपाशी राहते. जुन्या छापील पुस्तकांची चित्रे घेऊन ती सर्वांना खुली करण्याचे काम राज्य मराठी विकास संस्थेसारख्यांनी हाती घेतले आहे, आणि त्यातून दुर्मीळ पुस्तके घरबसल्या वाचता येतात. पण जे गाठोड्यातून बाहेरच आले नाही त्याचे चित्र कोण घेणार?

ते काम घरचेच. या दिवाळीत माळा काढाल तेव्हा गाठोडे दिसले तर ते कडक उन्हात टाकू नये. सावलीत, वारा खेळेल अशा जागी मोकळे करावे. धूळ मऊ कुंचल्याने, आतून बाहेर झटकावी. ओल्या फडक्याचे काम नाही. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावण्याचा मोह फार होतो. ती पाच वर्षांत पिवळी पडून सुटते आणि सुटताना अक्षरे घेऊन जाते. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. जुना धुवट सुती रुमाल बरा. कडुलिंबाचा पाला घालायचा तर पुरता वाळवून घालावा, हिरवा पाला आपलेच पाणी कागदाला पाजतो. वेखंडाची पुरचुंडी पानांना न लागेल अशी ठेवावी. पाने सारखी केल्यावर वर-खाली फळ्या, नसतील तर जाड पुठ्ठे, आणि गठ्ठा आडवा. कुंकू वाहायचे ते रुमालावर वाहावे, देवाला ते पोचते. भुगा होऊ घातलेल्या पानांना बांधणीवाल्याकडे मुळीच नेऊ नये. तो समास कापून 'ह. वि.' आणि 'राम' दोन्ही कातरून टाकील. त्यांची मोबाइलवर एकेक करून चित्रे घ्यावीत, खिडकीच्या उजेडात, अध्यायवार. आरंभ शेवटच्या पानापासून करावा, कारण पुढल्या दिवाळीला तेच नसण्याचा संभव अधिक. शक दिलेला असला तर त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवले की सन निघतो. आणि घरात ही पोथी कोण वाचीत असे, कोणत्या महिन्यात, ती कोणाकडून आली, एवढे एका सुट्या कागदावर शिसपेन्सिलीने लिहून तो कागद फळीखाली ठेवावा. पेन्सिलच घ्यावी, बॉलपेनची शाई पाझरते.